दूरस्थ सर्व्हरकडे फायलींची सुरक्षित पाठवणी

शाळेच्या दप्तरातील माहिती शाळेत असते, परंतु ती शाळेच्या मालकीची नसते. मुलाचे नाव व जन्मतारीख, जात, आईवडिलांची नावे, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी दिलेला बँकखात्याचा क्रमांक, क्वचित एखाद्या बालकाच्या दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, ही सारी माहिती पालकाने शिक्षकावर विश्वास ठेवून त्याच्या स्वाधीन केलेली असते. म्हणूनच दाखल-खारीज रजिस्टर कपाटात कुलूपबंद असावे आणि किल्ली मुख्याध्यापकापाशी असावी, हा दंडक कोणत्याही शिक्षकास नव्याने सांगावा लागत नाही. मात्र तीच माहिती फाइलीच्या रूपाने जेव्हा दूरच्या संगणकाकडे धाडली जाते, तेव्हा कपाट कोणते, कुलूप कोणते आणि किल्ली कोणाच्या हाती, हा विचार बहुधा मागे पडतो.

अशी माहिती एकदा परक्याच्या हाती गेली की ती परत आणता येत नाही. परवलीचा शब्द बदलता येतो. बालकाची जन्मतारीख बदलता येत नाही. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस बालक मानले असून बालकांच्या माहितीसंबंधी विशेष तरतुदी केल्या आहेत. यास्तव सुरक्षित पाठवणीची रीत आणि तिच्यामागील तत्त्व ही दोन्ही शिक्षकांस अवगत असणे अगत्याचे आहे.

सर्व्हर आणि वाट

सर्व्हर म्हणजे अन्य संगणकांना मागितलेली सेवा पुरविणारा, बहुधा अहोरात्र चालू असणारा संगणक होय. तो तालुक्याच्या गावी असेल किंवा हजारो मैलांवर असेल. त्याच्याकडे निघालेली फाइल अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात आणि ते तुकडे वाटेतील अनेक यंत्रांच्या हातून पुढे सरकत मुक्कामी पोहोचतात. शाळेतील वायफायचे यंत्र, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची यंत्रे, त्यापुढील आणखी किती तरी, असा हा प्रवास असतो. तुकड्यांवरील मजकूर उघडा असेल, तर वाटेतील कोणत्याही यंत्राच्या ताबेदारास तो पोस्टकार्डासारखा वाचता येतो. आणि वाचला गेल्याची खूणही मागे राहत नाही.

जुनी रीत व तिची उणीव

संगणकांमध्ये फायलींची देवघेव करण्याची जी रीत पुढे सर्वत्र रूढ झाली, तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे कर्ते अभय भूषण हे भारतीय अभियंते होत. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवी घेऊन ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत गेले होते. ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’, संक्षेपाने एफटीपी, हे त्या रीतीचे नाव. त्या काळी जाळ्यात जोडलेले संगणक मोजके होते आणि ते वापरणारी मंडळी विद्यापीठांतील व संशोधनसंस्थांतील होती. साहजिकच फाइल पोहोचावी कशी, हाच त्या रीतीपुढील प्रश्न होता. वाटेत ती कोणी वाचील, ही चिंता तेव्हा गौण होती. एफटीपीमध्ये वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द आणि फाइलीतील मजकूर ही तिन्ही उघड्या स्वरूपात जातात.

ही उणीव पुढे महागात पडली. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पाळत ठेवून कोणी तरी परवलीचे शब्द टिपून घेतले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून ‘सिक्युअर शेल’, अर्थात एसएसएच, ही रचना तयार केली आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात ती सर्वांस मोफत उपलब्ध करून दिली. संगणकाच्या प्रत्येक सेवेस क्रमांक दिलेले एक दार असते. त्यास पोर्ट म्हणतात. एफटीपीचे दार २१ आणि टेलनेट या दुसऱ्या जुन्या सेवेचे दार २३. मधला २२ हा क्रमांक मोकळा होता. तो युलोनेन यांनी रीतसर मागून घेतला, आणि आजही एसएसएचचे ठरलेले दार तेच आहे. १९९९ साली ‘ओपनएसएसएच’ ही सर्वांस खुली असलेली आवृत्ती निघाली. एसएसएचच्या कुलूपबंद वाटेने फायली नेणाऱ्या सेवेस एसएफटीपी म्हणतात.

येथे नामसादृश्याने फसू नये. एफटीपी ही उघडी रीत, एसएफटीपी ही एसएसएचवर चालणारी बंद रीत, आणि एफटीपीएस ही जुन्या एफटीपीस निराळ्या प्रकारचे कवच घालून केलेली तिसरी रीत. जोडणीच्या चौकटीत एका अक्षराची चूक झाली, तर पाठविणाऱ्यास वाटते दार बंद आहे, आणि प्रत्यक्षात ते सताड उघडे असते.

उघड्यावर ठरणारे गुपित

पूर्वी एकमेकांस न भेटलेले दोन संगणक, सर्व बोलणे ऐकले जात असताना, एक गुप्त संख्या कशी ठरवितात? हा प्रश्न व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सोडविला. त्यातील तत्त्व वरच्या वर्गातील मुलांकडून फळ्यावर करवून घेता येते.

फळ्यावर २ आणि ११ हे दोन आकडे सर्वांस दिसतील असे लिहावे. दोन विद्यार्थ्यांनी मनात एकेक आकडा धरावा. पहिल्याने ४ धरला असे समजू. त्याने २ चा चौथा घात काढावा, तो १६. त्यास ११ ने भागून उरणारी बाकी ५ त्याने मोठ्याने सांगावी. दुसऱ्याने मनात ३ धरला आहे. २ चा तिसरा घात ८. ११ ने भागता बाकी ८ च उरते. तीही त्याने मोठ्याने सांगावी. आता पहिल्याने ऐकलेल्या ८ चा चौथा घात काढावा. तो ४०९६, ११ ने भागता बाकी ४. दुसऱ्याने ऐकलेल्या ५ चा तिसरा घात काढावा. तो १२५, ११ ने भागता बाकी ४. दोघांच्या पाटीवर एकच आकडा आला, आणि तो कोणीही उच्चारलेला नाही.

वर्गातील इतर मुलांनी २, ११, ५ आणि ८ हे चारही आकडे ऐकले आहेत. तरीही ४ हे उत्तर काढण्यासाठी त्यांना दोघांपैकी एकाच्या मनातील आकडा हुडकावा लागेल. येथे संख्या लहान असल्याने दहा वेळा घात करून पाहिले की तो सापडतो. प्रत्यक्ष व्यवहारात शेकडो अंकी संख्या, किंवा त्याच तत्त्वावरील अधिक गुंतागुंतीच्या गणिती रचना वापरतात. तेथे असा शोध घेणे व्यवहारतः अशक्य होऊन बसते. अशा प्रकारे ठरलेल्या गुपितापासून प्रत्येक जोडणीसाठी नव्या किल्ल्या तयार होतात आणि फाइलीचा प्रत्येक तुकडा त्यांनी कुलूपबंद होतो. वाटेत एखादा तुकडा कोणी बदलला, तर तेही उघडकीस येते आणि जोडणी तुटते.

मध्येच उभा राहणारा

एवढ्यावर समाधान मानले, तर फार मोठी चूक होईल. हाच खेळ पुन्हा खेळावा. मात्र या वेळी दोघा विद्यार्थ्यांस वर्गाच्या दोन टोकांस पाठमोरे उभे करावे आणि निरोप नेण्या-आणण्यास तिसरा विद्यार्थी मध्ये ठेवावा. त्याने मनात ६ धरला आहे. २ चा सहावा घात ६४. ११ ने भागता बाकी ९. पहिल्याचा ५ दुसऱ्यास देण्याऐवजी तो स्वतःचा ९ देतो; दुसऱ्याचा ८ पहिल्यास देण्याऐवजी त्यासही ९ च देतो. आता पहिला ९ चा चौथा घात ६५६१ काढून बाकी ५ मिळवितो. मधला विद्यार्थी ५ चा सहावा घात काढून तेच उत्तर मिळवितो. दुसरा ९ चा तिसरा घात ७२९ काढून बाकी ३ मिळवितो. मधलाही ८ चा सहावा घात काढून ३ वरच येतो.

परिणाम असा की, पहिल्याचे गुपित जमले आहे ते मधल्याशी, आणि दुसऱ्याचेही मधल्याशीच. दोघांनाही वाटते की आपण एकमेकांशी बंद दाराआड बोलत आहोत. कुलूप खरे, किल्लीही खरी, परंतु दाराआडचा मनुष्य भलताच. गणित दोघांमध्ये गुपित निर्माण करून देते. दुसरा कोण, हे ते सांगत नाही. सुरक्षित पाठवणीतील मानवाच्या वाट्यास येणारे मुख्य काम हेच होय.

त्यासाठी प्रत्येक सर्व्हरपाशी स्वतःची एक ओळख-किल्ली असते. तिचा गुप्त भाग सर्व्हर सोडून जात नाही. जाहीर भाग सर्वांस दिला जातो. गुपित ठरविताना झालेल्या बोलण्यावर सर्व्हर गुप्त भागाच्या आधारे जणू सही करतो, आणि जाहीर भागाच्या आधारे ती सही पडताळता येते. जाहीर भाग लांबलचक असल्याने त्याचा एक संक्षिप्त ठसा काढतात. सध्याच्या ओपनएसएसएचमध्ये तो रोमन अक्षरे, अंक व चिन्हे मिळून ४३ खुणांचा असतो. पहिल्यांदा जोडणी होताना हा ठसा पडद्यावर दिसतो आणि ‘हा सर्व्हर ओळखीचा नाही, पुढे जावयाचे काय?’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. घाईत असलेला मनुष्य न वाचता होकार देतो; आणि मध्ये कोणी उभा असेल, तर नेमक्या त्याच क्षणी त्याला आत घेतो.

बँकेत सहीची पडताळणी होते ती आधी घेऊन ठेवलेल्या नमुना सहीवरून. धनादेश आणणाऱ्यानेच नमुनाही आणला, तर त्या पडताळणीस अर्थ उरत नाही. ठशाचेही तसेच आहे. पडद्यावरील ठसा ज्याच्याशी ताडून पाहावयाचा, तो निराळ्या मार्गाने, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याने स्वाक्षरी करून दिलेल्या कागदावर, केंद्रातील शिक्षण परिषदेत हातोहात, किंवा आधीपासून ठाऊक असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर वाचून घेऊन, मिळालेला असावा.

प्रत्यक्ष मांडणी

सर्व्हर सांभाळणाऱ्याने करावयाच्या गोष्टी येणेप्रमाणे :

(१) प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र खाते द्यावे. पाच जणांत एक खाते असेल, तर चूक कोणाची झाली हे कळत नाही, आणि एकाची किल्ली हरवली की पाचही जणांचे काम अडते.

(२) एसएफटीपी सुरू ठेवून जुनी एफटीपी सेवा बंद करावी.

(३) वापरणाऱ्यास केवळ त्याच्या फोल्डरापुरताच प्रवेश द्यावा. ओपनएसएसएचमध्ये तशी सोय आहे. मात्र ज्या मुख्य फोल्डरात त्याला बंदिस्त करावयाचे, तो व त्यावरील सर्व फोल्डर सर्व्हरच्या मुख्य व्यवस्थापकाच्या मालकीचे असावे लागतात आणि इतरांस त्यांत लिहिण्याची मुभा असून चालत नाही. फायली ठेवण्यासाठी आत दुसरा फोल्डर करून तो वापरणाऱ्याच्या नावे करावा. हा नियम न पाळल्यास सर्व्हर जोडणी नाकारतो, आणि कारण न उमगल्याने पुष्कळ वेळ वाया जातो.

(४) ओळख-किल्लीचा ठसा कागदावर छापून सर्व संबंधितांस द्यावा.

शिक्षकाने करावयाच्या गोष्टी अशा :

(१) ‘विनएससीपी’ किंवा ‘फाइलझिला’ यांसारखे मोफत मिळणारे साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे.

(२) स्वतःच्या किल्ल्यांची जोडी तयार करावी. विनएससीपीबरोबर ‘पुटीजेन’ नावाचे उपसाधन येते. त्यात ‘एडी२५५१९’ हा प्रकार निवडावा. जोडी तयार होत असताना माउस इकडेतिकडे फिरवीत राहावा लागतो; त्या अनियमित हालचालींतून साधनास यदृच्छेने संख्या निवडण्यास साहाय्य होते.

(३) जतन करण्यापूर्वी खाजगी किल्लीस परवलीचे वाक्य घालावे. एका शब्दापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द अधिक बळकट, आणि लक्षात ठेवण्यासही सोपे. संगणक चोरीस गेला, तरी या वाक्यावाचून किल्ली उघडत नाही.

(४) चौकटीत एका लांब ओळीच्या रूपाने दिसणारी जाहीर किल्ली सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे पाठवावी. ती कोणी पाहिली तरी हानी नाही. तो ती शिक्षकाच्या खात्यातील मान्य किल्ल्यांच्या यादीत घालतो. खाजगी किल्ली मात्र कोणासही, अगदी वरिष्ठांनी मागितली तरी, देऊ नये. तिची गरज तिच्या धन्याखेरीज कोणालाच नसते. म्हणून ती मागणारा एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड.

(५) जोडणीच्या चौकटीत एसएफटीपी हा प्रकार, सर्व्हरचे नाव, दार क्रमांक २२ व स्वतःचे खातेनाव भरावे, आणि प्रगत पर्यायांत खाजगी किल्लीची फाइल दाखवावी.

(६) पहिल्या जोडणीत दिसणारा ठसा हातातील कागदाशी अक्षरशः ताडून पाहावा. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर येथे भिन्न मानले जाते. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे जुळली एवढ्यावर भागवू नये. एकाने वाचावे व दुसऱ्याने खूण करावी. दोन मिनिटांचे काम आहे. संपूर्ण जुळल्यासच होकार द्यावा. त्यानंतर साधन तो ठसा स्मरणात ठेवते आणि पुन्हा विचारीत नाही.

(७) फाइल गेल्यावर दोन्हीकडील आकार सारखा आहे की नाही ते पाहावे. विनएससीपी मोठी फाइल पूर्ण होईपर्यंत तिच्या नावास ‘फाइलपार्ट’ असे शेपूट जोडून ठेवते. वीज गेल्यावर वा जोडणी तुटल्यावर असे शेपूट राहिलेले दिसले, तर पाठवणी अपुरी समजून पुन्हा करावी.

सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा एखाद्या दिवशी पडद्यावर आला, तर तेथेच थांबावे. त्याचे कारण साधेही असू शकते : सर्व्हर नवा बसविला असेल. परंतु मध्ये कोणी उभा राहिला असतानाही पडद्यावर हेच शब्द उमटतात. कोणते कारण खरे, हे पडद्याकडे पाहून कळत नाही. ते सर्व्हर सांभाळणाऱ्यास विचारूनच कळते. माहिती पाठविण्याची मुदत त्याच दिवशी संपत असली, तरी हा नियम मोडू नये. एक दिवसाचा उशीर पत्र लिहून भरून काढता येतो.

कुलपाची मर्यादा

ही सारी व्यवस्था वाटेवरच्या संरक्षणाची आहे. फाइल निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यानंतर ती उघड्या रूपातच असते. दुकानातील वा सर्वांच्या वापरातील संगणकावरून पाठवणी केली आणि फाइल तेथेच राहिली, तर वाट कितीही बंद असो, माहिती बाहेर पडलीच. तीच गोष्ट टेबलावर विसरलेल्या पेन ड्राइव्हची, आणि मोबाइलवरील गटात ‘एकदा पाहून घ्या’ म्हणून टाकलेल्या यादीची. सबब ज्या स्तंभांची मागणी नाही ते फाइलीतून आधीच वगळावेत. पाठवणी झाल्यावर अनावश्यक प्रती नष्ट कराव्यात. आणि खाजगी किल्ली असलेला संगणक वा पेन ड्राइव्ह हरवल्यास त्याच दिवशी सर्व्हर सांभाळणाऱ्यास कळवावे. मान्य किल्ल्यांच्या यादीतून एक ओळ काढली की हरवलेल्या किल्लीचे मोल शून्य होते. परंतु ती ओळ, कळविल्यावाचून, कोणी काढीत नाही. बदली झालेल्या वा निवृत्त झालेल्या शिक्षकाची किल्लीही कार्यभार सोपविण्याच्या दिवशीच यादीतून काढून घ्यावी.

अनेक कामांत शिक्षकास एसएफटीपीशी संबंध येत नाही. संकेतस्थळावरच माहिती भरावी लागते. तेथेही तत्त्व हेच. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असली म्हणजे वाट बंद आहे. तेथे संकेतस्थळाची ओळख प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या साक्षीने पटते, म्हणून ठसा ताडण्याचे काम वापरणाऱ्याकडे राहत नाही. परंतु पत्ता अक्षरशः बरोबर आहे की नाही, हे त्यालाच पाहावे लागते. ब्राउझरने प्रमाणपत्राविषयी इशारा दिला, तर तो डावलून पुढे जाणे म्हणजे ठसा न वाचता होकार देण्यासारखेच आहे.

शाळेच्या नोंदवहीत यासाठी एक पान राखून ठेवावे. त्यावर सर्व्हरचे नाव, त्याचा ठसा, तो कोणाकडून, कोणत्या तारखेस व कोणत्या मार्गाने मिळाला, पडताळणी कोणी केली, आणि अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर विचारावयाचे, एवढ्या नोंदी असाव्यात. परवलीचे वाक्य मात्र त्या पानावर कदापि लिहू नये. नवीन येणाऱ्या शिक्षकास दप्तराबरोबर हे पान दाखविले, म्हणजे पहिल्या जोडणीच्या वेळी ठसा कशाशी ताडावयाचा, हे त्यास कोणास विचारावे लागणार नाही.